पहिलं बाळंतपण माहेरी: फाईल आधी, बॅग नंतर

पहिलटकरीण माहेरी येते तेव्हा तिच्यासोबत काय काय येतं, हे मी तालुक्याच्या लेबर रूममध्ये बावीस वर्षं पाहिलं. दुपट्यांचा ढीग, डोहाळजेवणाच्या साड्या, सासूबाईंनी दिलेला लाडवांचा डबा. फाईल तेवढी पुण्यात कपाटावर राहिलेली असते. एकदा रात्री दोनला अशीच एक आली. ब्लडग्रुप विचारला तर म्हणाली, "पॉझिटिव्हच असेल हो सिस्टर." लॅबवाला घरून यायचा होता. नवऱ्याने झोपेतून उठून, कपाट धुंडाळून फोटो पाठवेपर्यंत पाऊण तास गेला. ग्रुप निघाला ओ निगेटिव्ह. ते रक्त आमच्याकडे नव्हतं, जिल्ह्याला होतं, साठ किलोमीटरवर. लागलं नाही, हे तिचं नशीब आणि आमचंही.

सात-आठ महिने एका डॉक्टरने तपासायचं आणि बाळंतपण दुसऱ्याने करायचं, ही आपल्याकडची जुनीच रीत. त्यात वाईट काही नाही. आईच्या हातचं मिळतं, झोप मिळते. फक्त मधल्या प्रवासात माहिती गळते. ती गळू नये म्हणून कोणत्या महिन्यात काय करायचं, ते सांगते.

आधी तारीख पक्की करा

घरात महिने मोजतात, दवाखान्यात आठवडे. "नववा लागला" म्हणजे आठ महिने पूर्ण की नऊ, यावरून आई आणि सासूबाईंचं एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही. म्हणून तुम्ही आठवडेच लक्षात ठेवा.

हिशोब सोपा आहे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे. आजी नऊ महिने नऊ दिवस म्हणते, डॉक्टर नऊ महिने सात दिवस धरतात. पाळी १० जूनला आली असेल तर तारीख १७ मार्च. ३७ आठवडे २४ फेब्रुवारीला पुरे होतात. त्याआधी झालेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं. आणि बरोबर त्या तारखेलाच होणारी बाळं शंभरात चार-पाचच, त्यामुळे १७ मार्च उजाडला आणि काहीच झालं नाही म्हणून रडायचं नाही.

एक घोळ मात्र दर आठवड्याला यायचा. प्रत्येक सोनोग्राफीच्या कागदावर वेगळी तारीख छापलेली असते. मशीन बाळाच्या त्या दिवशीच्या मापावरून तारीख काढतं. शेवटच्या महिन्यांत बाळं लहान-मोठी असतात, म्हणून ती तारीख हलते. सगळ्यात खरी मानायची ती पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीची. त्या कागदावर डॉक्टरांकडून "हीच तारीख धरायची" असं लिहून घ्या. माहेरच्या डॉक्टरांनी आठव्या महिन्यातली तारीख धरली, तर कळा आणायची घाई तरी होते किंवा उशीर तरी.

माहेरी जायचं की नाही, हे सातव्याच्या आत ठरवा

हा प्रश्न मानपानाचा नाही. माहेराहून ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ आणि रक्त किती अंतरावर आहे, एवढंच बघायचं.

जुळं, वार (बाळाला पोसणारी, नाळेला जोडलेली) खाली असणं, वाढलेलं बीपी, साखरेसाठी इन्सुलिन, गर्भपिशवीला घातलेला टाका, आधीचं पोटाचं मोठं ऑपरेशन: यातलं काही असेल आणि माहेर आडगावात असेल, तर आईनेच तुमच्याकडे यावं. आई आली म्हणजे माहेर आलंच की. सासरी ते कसं सांगायचं हा पेच असतो, म्हणून डॉक्टरांनाच सांगायला लावा. "डॉक्टर नको म्हणालेत" यापुढे कोणी फार बोलत नाही.

जायचं ठरलं तर आईने किंवा भावाने महिना-दीड महिना आधी दवाखाना जाऊन बघावा. सगळे एकच विचारतात, "नॉर्मल करणार ना?" त्याचं उत्तर कुठलाही डॉक्टर होच देईल. विचारायचं ते असं: रात्री भूलतज्ज्ञ किती वेळात येतात? रक्त कुठून आणता? बाळाला श्वासाचा त्रास झाला तर कुठे पाठवता, आणि तिथे पोचायला किती वेळ लागतो? सिझर लागलं तर एकूण बिल किती होतं? विमा असेल तर दोन गोष्टी पाहा. पॉलिसीत बाळंतपण धरलेलं आहे का आणि थांबायची मुदत संपली आहे का. शिवाय माहेरचं हॉस्पिटल कॅशलेसच्या यादीत आहे का. पुण्यातलं असतं, माहेरचं नसतं.

सरकारी दवाखाना असेल तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली, २०११ पासून, बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, दाखल असताना जेवण आणि ये-जा करायला गाडी हे सगळं मोफत आहे. तुम्ही कुठल्या गावच्या, हे तिथे आड येत नाही. डोंगराळ आदिवासी भागात काही प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ माहेरघर आहे. दिवस भरत आलेल्या बाईने आधीच तिथे येऊन राहायचं, म्हणजे पावसात ओढा ओलांडायची वेळ येत नाही.

नोकरी करणाऱ्यांनी रजेचा हिशोब आत्ताच मांडा. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, त्यातली बाळंतपणाआधी जास्तीत जास्त ८ घेता येतात. पण आधी घेतली तेवढी नंतर कमी. बत्तिसाव्या आठवड्यालाच निघालात तर बाळासोबत १८ आठवडे उरतात.

फाईल

प्लास्टिकचा बटणवाला फोल्डर घ्या. वर मोठ्या अक्षरांत नाव, ब्लडग्रुप, पक्की तारीख, कशाची ॲलर्जी असेल तर ती, आणि नवऱ्याचा व आईचा फोन. रात्री दोनला हे वरचं पानच वाचलं जातं, आत काय आहे ते सकाळी.

आत पहिल्यांदा माता बाल संरक्षण कार्ड. खासगीत दाखवत असाल तरी आशाताई किंवा नर्सताईकडे नोंद करून हे कार्ड घ्या, शक्यतो पहिल्या बारा आठवड्यांत. वजन, बीपी, इंजेक्शनं, पुढे बाळाच्या लसी सगळं याच्यावर येतं आणि ते कुठेही चालतं. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत बसत असाल तर पहिल्या बाळाचे ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, त्यालाही ही नोंद लागते. इथे नाव अडतं. आधार माहेरच्या नावाचं, कार्ड सासरच्या नावाचं, बँक खातं तिसऱ्याच स्पेलिंगचं. पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात, म्हणून हे पाय चालते आहेत तोवर दुरुस्त करून घ्या.

मग रिपोर्ट. नुसते ठेवू नका, कशासाठी आहेत ते समजून घ्या.

ब्लडग्रुप निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तर अठ्ठाविसाव्या आठवड्याला अँटी-डीचं, म्हणजे आईचं शरीर बाळाच्या रक्ताविरुद्ध उठू नये यासाठीचं, इंजेक्शन लागतं. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा. पहिलं घेतलं असेल तर त्या बाटलीचं लेबल फाईलमध्ये चिकटवा. नाहीतर माहेरचे डॉक्टर विचारतात, तुम्ही म्हणता, "एक इंजेक्शन दिलं होतं कंबरेत," आणि ते लोहाचं होतं की अँटी-डीचं, देव जाणे.

हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७ च्या खाली म्हणजे धोका. बाळंतपणात थोडं रक्त जाणारच. ज्या बाईकडे साठा आहे ती ते सोसते, जिच्याकडे नाही ती कोसळते. रक्त वाढायला आठवडे लागतात, म्हणून हा आकडा सातव्या महिन्यात बघायचा, नवव्यात नाही. चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहाची लाल गोळी, किमान १८० दिवस. ती चहाबरोबर नाही आणि कॅल्शिअमबरोबर तर नाहीच, दोन्हींत दोन तास ठेवा. शी काळी होते, होऊ द्या. लिंबू-पाण्याबरोबर घेतली तर चांगली लागू पडते. गोळी सोसतच नसेल तर गुपचूप उशीखाली ठेवू नका, डॉक्टरांना सांगा, शिरेतून देता येतं. उशीखालच्या गोळ्या मी मोजल्या आहेत.

साखरेच्या तपासणीत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात. १४० किंवा वर आली तर गरोदरपणातला मधुमेह. ही पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करतात. दुसरी नेमकी सासर-माहेरच्या गडबडीत राहते. आधीची चांगली होती म्हणून सोडू नका. थायरॉइड, एचआयव्ही, कावीळ-बी, सिफिलिस यांचे कागदही असू द्या. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या मुलींनी सिकलसेलचा, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा, रिपोर्ट जरूर ठेवावा.

सोनोग्राफीत १८ ते २० आठवड्यांतली, बाळाचे अवयव बघणारी, फार महत्त्वाची. ती निघण्याआधीच झालेली हवी. त्यात वार खाली आहे असं लिहिलं असेल तर घाबरू नका, बहुतेकींची पुढे वर सरकते; बत्तिसाव्याच्या सुमारास पुन्हा बघायचं. सोनोग्राफीची चित्रं चकचकीत कागदावर असतात आणि उन्हात पुसट होतात. सगळ्याचे फोटो काढून नवऱ्याच्या आणि आईच्या, दोघांच्याही फोनमध्ये ठेवा. आणि मुलगा की मुलगी हे कुठल्याच गावात विचारायचं नाही. १९९४ च्या कायद्याने ते सांगणं गुन्हा आहे, आणि ही माहिती काढून घ्यायला धडपडणारे घरचेही त्यात येतात.

निघायच्या आदल्या आठवड्यात डॉक्टरांकडून एक पान लिहून घ्या: आजवर काय झालं, कोणत्या गोळ्या चालू आहेत, कशाकडे लक्ष ठेवायचं. बहुतेक डॉक्टर आनंदाने देतात. मागितल्याशिवाय मात्र नाही.

प्रवास

बत्तीस ते चौतीस आठवड्यांच्या दरम्यान निघावं. छत्तिसाव्यानंतर लांबचा प्रवास नको. विमान कंपन्या शेवटच्या महिन्यांत डॉक्टरांचं पत्र मागतात, तिकीट काढतानाच विचारा. रेल्वेत गरोदर बाईला लोअर बर्थचा कोटा आहे. आरक्षणाच्या खिडकीवर डॉक्टरांचा दाखला न्या.

धक्क्यांनी कळा सुरू होतात अशी भीती सगळ्यांना असते. मला जास्त भीती वाटते ती पाणी न पिण्याची. वाटेत धड स्वच्छतागृह नाही म्हणून बायका सहा-सहा तास कोरड्या बसतात. मग लघवीला जळजळ, ताप, आणि त्या जंतुसंसर्गाने खरोखरच आधी कळा येऊ शकतात. पाणी प्या, दर दोन तासांनी गाडी थांबवा, दहा मिनिटं चाला. पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणूनही हे चालणं लागतं. कारमध्ये पट्टा लावायचाच. खालचा पट्टा पोटावरून नाही, पोटाच्या खालून, मांड्यांच्या वर.

पोचल्यावर पहिल्या आठवड्यात

पाहुणे येतील, आधी दवाखाना. दुसऱ्याच दिवशी नाव नोंदवा, बीपी, वजन आणि लघवीतली प्रथिनं तपासून घ्या. गावच्या आशाताईला कळवा. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला तज्ज्ञ डॉक्टर गरोदर बायांना मोफत तपासतात, ती तारीख भिंतीवर खूण करून ठेवा.

मग गाडी. "शेजारच्यांची आहे की" हे उत्तर पुरेसं नाही. शेजारी त्या रात्री लग्नाला गेलेला असतो. दोन गाडीवाल्यांचे नंबर आणि १०८ किंवा १०२, हे दाराजवळ लिहून चिकटवा. रक्त द्यायला तयार असे दोन जण आत्ताच विचारून ठेवा.

आणि आईशी एकदा बसून बोला. तिने तुम्हाला तीस वर्षांपूर्वी जन्म दिला, तेव्हाचं सगळं तिला आठवतं आणि ती तेच करणार. "बाळ मोठं होईल, कमी जेव" हे नको. ग्रहणात उपाशी, पाण्याशिवाय बसायचं, हेही नको. पायांना सूज आली की "येतेच ती" म्हणतात. पायांना येते, खरं आहे. पण तोंडावर, हातांवर आली, बांगडी चढेना, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे चमकतंय किंवा अंधारतंय, छातीच्या खाली पोटात दुखतंय, तर बीपी वाढलंय असं समजून त्याच तासाला निघा. १४०/९० च्या पुढे गेलं की ते घरी बसून उतरवायचं बीपी नव्हे. यातून झटके येतात.

अंगावरून रक्त, थोडं असो की जास्त, ताप, तळहात-तळपायांना रात्री असह्य खाज, दम लागणं, या सगळ्यांसाठीही सकाळची वाट बघायची नाही.

बाळाची हालचाल रोज बघा. जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर पडा, हात पोटावर, फोन बाजूला. दोन तासांत दहा वेळा हललं की झालं. बहुतेक बाळं अर्ध्या तासातच दहा पुरी करतात. "दिवस भरत आले की जागा नसते, बाळ कमी हलतं" हे ऐकू नका. हालचालीची तऱ्हा बदलते, पण हलणं थांबत नाही. कमी वाटलं तर जा. दहापैकी नऊ वेळा आम्ही ठोके ऐकवून घरी पाठवतो, आणि कोणीही रागावत नाही. रागावलं तरी जा.

बॅगेबद्दल फार सांगत नाही, ती सगळ्याच भरतात. पुढून उघडणारे दोन गाऊन, मोठे पॅड, सुती धुतलेली दुपटी, बाळाला टोपी-मोजे, तुम्हाला चप्पल, चार्जर, आधार कार्ड, थोडी रोख. नवीन कपडे एकदा धुवून घ्या. फाईल बॅगेत तळाशी नाही, बाहेरच्या कप्प्यात.

कळा

खोट्या कळा पंधरा दिवस आधीपासून येतात. पोट घट्ट होतं, चाललं किंवा कूस बदलली की सुटतं. खऱ्या कळा पाठीतून पुढे येतात, काही केलं तरी थांबत नाहीत, आणि दोन कळांतलं अंतर कमी-कमी होत जातं. कळ आली की हात पोटावर ठेवून बघा: खरी असेल तर पोट कपाळासारखं टणक लागतं. घड्याळ लावून वहीत लिहा. दर पाच मिनिटांनी, जवळपास मिनिटभर टिकणारी, असं तासभर चाललं की निघा. दवाखाना तासाच्या अंतरावर असेल तर आठ-दहा मिनिटांवर असतानाच. चिकट, रक्ताळ स्राव दिसला तर वेळ जवळ आली, पण धावायची गरज नाही. धार लागली तर आहे.

पाणी गेलं तर कळा नसल्या तरी जायचं. किती वाजता गेलं आणि रंग कसा, एवढं लक्षात ठेवा, आल्या आल्या तेच विचारतो. पॅड लावा. पाणी हिरवट किंवा तपकिरी असेल तर बाळाने आत शी केली आहे, एक मिनिटही घालवू नका.

लेबर रूमबाहेर नातेवाईक विचारतात, "सिस्टर, किती बोटं झालं?" आम्ही घरच्यांना बोटांत सांगतो, कागदावर सेंटिमीटरमध्ये लिहितो. गर्भपिशवीचं तोंड किती उघडलं त्याचं ते माप, दहा सेंटिमीटर म्हणजे पूर्ण. पहिलटकरणीला बारा तास लागले तर अडलं असं होत नाही. तोवर चाला, बसा, घोट-घोट पाणी, सरबत घ्या. सरकारी दवाखान्यातही सोबत एक बाई राहू शकते. न घाबरणारी निवडा. आई रडणारी असेल तर मावशी बरी. आणि सांगेपर्यंत जोर करायचा नाही. अर्धवट उघडलेल्या तोंडावर जोर केला की तिथे सूज येते आणि वेळ वाढतो. "सिस्टर, वरून पोट दाबा ना जरा" असं घरच्यांनी म्हणायचं नाही; त्याने इजा होते.

बाळ झाल्यावर

पहिल्या तासात बाळ छातीशी. पिवळा चीक पिळून टाकायचा नाही, तोच पहिला घास. मध, साखरपाणी, गुटी, सोन्याची काडी, काही नाही. पहिले दोन दिवस दूध "येतच नाही" असं वाटतं. बाळाचं पोट तेव्हा केवढंसं असतं, त्याला तो चमचाभर चीक पुरतो. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा-सात वेळा शू होत असेल तर दूध पुरतंय. वजन सुरुवातीला थोडं उतरतं, दोन आठवड्यांत भरून येतं. पहिल्या २४ तासांतच बाळ पिवळं दिसलं तर लगेच दाखवा. घरी जाण्याआधी बीसीजी, पोलिओ, आणि २४ तासांच्या आत कावीळ-बी ची लस, तिन्ही कार्डावर लिहून घ्या.

जन्माची नोंद जिथे बाळ झालं तिथे होते, म्हणजे माहेरच्या गावात, २१ दिवसांच्या आत. दवाखान्याच्या फॉर्ममध्ये आई-बापाच्या नावाचं जे स्पेलिंग लिहाल तेच दाखल्यावर येतं. मामा घाईत भरतो आणि मग शाळेच्या वेळी सासरहून तिथवर खेटे. आधार समोर ठेवून तुम्हीच भरा. बाळाचं नाव बारशानंतर घालता येतं, वर्षभर त्याला शुल्क नाही.

घरी आल्यावर बाळंतिणीचं पाणी तोडतात, पोट सुटेल म्हणून. दूध पाण्याशिवाय कशाचं होणार? तहान लागेल तेवढं प्या. मेतकूट-भात, तूप, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू खा खुशाल. साखर निघाली असेल तेवढ्यांनी लाडू जपून. सोबत डाळ, भाजी, फळंही हवीत. मालीश छान. शेगडी मात्र बंद खोलीत नको आणि बाळाला धुरी तर मुळीच नको. एवढ्याशा फुप्फुसांना तो धूर झेपत नाही, आणि कोळशाचा वायू बंद खोलीत आईलाही मारू शकतो.

तासाभरात एक पॅड पूर्ण भिजला, ताप आला, घाण वास आला, एक पोटरी सुजून दुखू लागली, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारलं, तर पाचवी असो की बारसं, दवाखाना. बीपीचे झटके बाळंतपणानंतरही येतात. आणि रडू येणं पहिले आठ-दहा दिवस सगळ्यांचं असतं. दोन आठवडे उलटूनही बाळ जवळ घ्यावंसं वाटत नाही, झोप नाही, वाईट विचार येतात, तर तो आजार आहे आणि त्याला औषध आहे. डॉक्टरांना सांगा, किंवा टेली-मानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला, मराठीतही बोलतात.

परत निघताना

सव्वा महिना झाला की सासरहून फोन सुरू होतात. बाळाच्या पुढच्या लसी दीड महिन्याला असतात आणि तुमची तपासणीही तेव्हाच. तिथवर थांबता आलं तर उत्तम, कारण ज्यांनी टाके घातले त्यांनीच ते बघितलेले बरे. नाही जमलं तर निघण्याआधी डिस्चार्ज कार्ड, जन्मदाखला किंवा नोंदीची पावती आणि लसींचं कार्ड त्याच जुन्या फोल्डरमध्ये घाला, पुन्हा सगळ्याचे फोटो काढा. लस घेतल्याच्या दिवशी प्रवास नको, बाळ तापतं.

एस.टी.ने जाणार असाल तर वाटेतल्या स्टँडवर बाळाला पाजायला हिरकणी कक्ष असतो. बऱ्याचदा त्याला कुलूप असतं. किल्ली कंट्रोलरकडे मिळते, मागायला लाजू नका.